शेजारणीची ओ

म्हाताऱ्या माणसांना वर्गात आणून बसवणं म्हणजे काही खायचं काम नाही. लहान मुलाला निदान पाठीत धपाटा घालून आणता येतं. सत्तरीच्या माणसाला धपाटा कोण घालणार?

कॉलेजात हे काम एका चाळिशी उलटलेल्या बाईकडे होतं. तिला सगळे प्रवेशबाई म्हणत. ज्येष्ठांसाठी घरगुती उपकरणं दुरुस्त करायचा वर्ग काढला होता. इस्त्री, मिक्सर, पंखा, पाणी तापवायची शेगडी. शिकवायला वीज कंपनीतून निवृत्त झालेले मास्तर होते, तळमजल्यावर लांब बाकांची खोली होती, हत्यारं होती. फक्त शिकायला कुणी नव्हतं. प्राचार्यांनी निक्षून सांगितलं होतं की रोज वीस जण हजर दिसले पाहिजेत, नाहीतर सत्र संपलं की वर्गाला कुलूप. वर त्यांनी एक भित्तिपत्रकही छापून घेतलं. त्यात पांढऱ्या केसांचं एक जोडपं संगणकाकडे बघून असं हसत होतं, जसं काही त्यातून कुणी गुदगुल्याच करतंय.

प्रवेशबाई ते पत्रक घेऊन दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, बागेतल्या बाकांवर हिंडली. उत्तरं ठरलेली. "आमच्या गोवऱ्या मसणात गेल्या, आता शिकून वर काय दाखला दाखवायचाय?" "माझ्या नातवाला न्या, तो नुसता लोळत असतो." एका आजींनी तर पत्रक प्रेमानं घेतलं, त्याची नीट घडी घातली आणि तिच्या देखत डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली.

खरं सांगायचं तर तिला वीस माणसं नको होती, एकच हवं होतं. तिची आई. वडील गेल्यापासून आई घराबाहेर पडली नव्हती. मुळातच ती अबोल. वडील थट्टेनं म्हणत, तुझ्या आईनं लग्नाला हो म्हटलं तेवढंच, पुढचं वाक्य अजून यायचंय. पण वडील होते तोवर त्या अबोलपणालाही घरात जागा होती. आता ती खुर्चीत बसून राही. हाक मारली तर मान वळवी, ओ देत नसे. प्रवेशबाईला संध्याकाळी घरी जायचीच धास्ती वाटायची. चार माणसांत आली, हाताला काही काम लागलं, तर आई परत माणसात येईल, अशी तिची वेडी आशा होती.

मग दवाखान्यात तो शिंपी भेटला. वाळून काडी झालेला, खोकला जडलेला. आतून नंबर पुकारला तरी तो जागचा हलेना. प्रवेशबाईनं कोपरानं ढोसलं तेव्हा म्हणाला, "माझाच का तो? हल्ली कळतच नाही हो, मला कोण हाक मारतंय. इथे नंबर म्हणतात, रस्त्यात काका म्हणतात, सून म्हणते अहो ऐकलंत का."

"मग काय म्हणून हाक मारलेली आवडेल तुम्हाला?"

 म्हातारा इकडेतिकडे बघून, चोरून काही खाल्ल्यासारखं तोंडावर हात धरून म्हणाला, "भोपळ्या."

लहानपणी तो गोलमटोल होता म्हणे. आई भोपळ्या म्हणायची, वडील म्हणायचे, थोरली बहीण म्हणायची. "बहीण गेली नि ते नावही गेलं. ते माहीत असलेलं माणूसच उरलं नाही जगात. आज तुम्हाला सांगितलं तेवढंच."

प्रवेशबाईचं डोकं चाललं. "आमच्या वर्गात या. तिथे रोज तुम्हाला भोपळ्या म्हणूनच हाक मारू."

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून वर्ग उघडायच्या आधीच दारात उभा.

पुढचं काही तिला करावंच लागलं नाही. या वर्गात घरच्या नावानं हजेरी होते, ही बातमी कानोकानी गेली आणि पत्रकाकडे ढुंकून न बघणारी माणसं आपल्या पायानं आली. बँकेतले निवृत्त अधिकारी आले आणि दारात प्रवेशबाईच्या कानाला लागून म्हणाले, "शेंबड्या." जिच्या नजरेनं कधीकाळी अख्खी शाळा चळचळा कापायची अशी मुख्याध्यापिका आली, आणि तिचं नाव निघालं ठकी. पूर्वी बस चालवणारे एक उंच गृहस्थ काड्या निघाले. एक निवृत्त नर्स आली, बसक्या नाकाची, गेंगाण्या आवाजाची. ती म्हणाली, "नकटी लिहा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ना, माझ्या तर नवरदेवच आला नाही." आणि स्वतःच खो खो हसली. तिला घरी कुणी नव्हतं. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले ते मात्र हसण्याचे नव्हते.

ही सगळी नावं आता मेलेल्या माणसांनी ठेवलेली होती. त्या नावांनी हाक मारायचा हक्क त्यांचा होता, आणि तो मोडून ती दुसऱ्यानं वापरली तर काय होतं, हा विचार कुणालाच शिवला नाही. प्रवेशबाईला तर मुळीच नाही. तिला डोकी दिसत होती.

मास्तरांची हजेरी घ्यायची एक तऱ्हा होती. ते टेबलावर वाकून तारा सोलत, कथील वितळवून डाग देत, आणि मान वर न करता एकेक नाव पुकारत. समोरून ओ आली की पुढचं नाव. कोण बोललं ते कधी बघत नसत. तारेवरची नजर हलली तर हात भाजतो, असं त्यांचं म्हणणं. वर्ग भरला त्या पहिल्या दिवशी खोलीत कथलाचा धूर भरला होता आणि त्या धुरात मास्तरांनी पुकारलं, "भोपळ्या." म्हाताऱ्यानं लांबवर सूर काढून "ओऽऽ" दिली आणि मागाहून दोनदा खोकला. पण ओ देताना त्यानं मास्तरांकडे पाहिलं नाही. मान वळवून दाराकडे पाहिलं. त्यानंतर शेंबड्यानं तेच केलं, ठकीनं तेच केलं. हाक समोरून येत होती आणि जो तो दाराकडे बघत होता. प्रवेशबाईच्या अंगावर शहारा आला. तिला वाटलं, भावना दाटून आल्या असतील बिचाऱ्यांच्या.

आठवडाभरात तिनं आईलाही आणलं. हात धरून, जवळजवळ ओढतच. दारात विचारलं, "आई, तुला लहानपणी काय म्हणायचे गं?"

आई म्हणाली, "घुमी."

एवढ्या वर्षांत हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं कधी विचारलंच नव्हतं, याचं तिला फार वाईट वाटलं. आई भोपळ्या आणि नकटी यांच्यामध्ये बसली. मास्तरांनी "घुमी" म्हटलं, आईनं दाराकडे बघितलं आणि स्वच्छ आवाजात ओ दिली. प्रवेशबाई बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडली.

ते दिवस खरोखर चांगले होते. आईनं जन्मात दिवा बदलला नव्हता, ते सगळं वडील बघत. ती आता इस्त्री उघडून तिची जळकी वायर काढू लागली. भोपळ्या तिला स्क्रू पुरवी, नकटी दोघांच्या जखमांना पट्ट्या लावी. पण म्हातारी माणसं. आज गुडघा, उद्या डोळ्यात थेंब, परवा लेकीकडे. वीस काही रोज भरेनात. तेव्हा प्रवेशबाईनंच वर्गात डोळा मिचकावून सांगितलं, "शेजारचा आला नाही तर त्याची ओ तुम्ही द्या. मास्तर काय वर बघत नाहीत."

सगळ्यांना ते भारी आवडलं. शाळेत असताना ज्यांनी कधी वात्रटपणा केला नव्हता ते आता शेजाऱ्याचा आवाज काढून ओ देऊ लागले, आणि मागाहून तोंडात रुमाल कोंबून हसू लागले. भोपळ्या खोकल्यानं आजारी पडला की त्याची ओ आई देई. लांब सूर, मागाहून दोन खोकले. आईला नक्कल येते, हे लेकीनं जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

मग भोपळ्या वारला. सगळा वर्ग त्याला पोचवायला गेला. दुसऱ्या दिवशी हजेरीला मास्तरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "भोपळ्या." आणि सवयीनंच शेजारून आली, "ओऽऽ." मागाहून दोन खोकले.

 मग कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी हसलं. ठकी म्हणाली, "राहू दे गं. तेवढाच आहे असं वाटतं." प्राचार्यांची तपासणी तोंडावर आली होती आणि पटावर बरोबर वीस होते. प्रवेशबाईनं नाव तसंच ठेवलं. वाईट काय त्यात, असं तिनं स्वतःला बजावलं. माणूस स्वतःला बजावतो तेव्हाच समजावं की पाणी मुरतंय.

आई रोज त्याची ओ देऊ लागली. आणि थोड्याच दिवसांत घरी एक गोष्ट झाली. प्रवेशबाई स्वयंपाकघरात उभी होती. आई मागून आली, तिच्या खांद्यावरच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "खांदा उतरलाय. उसवून परत बसवायला हवा."

आईला शिवणाचा गंध नव्हता. बटण लावायचं तरी वडील लावत. प्रवेशबाई वळली तर आई तिच्या बाहीकडे बघत होती, तिच्याकडे नाही. मग सुई काढून तिनं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि चष्मा न लावता एका झटक्यात ओवलं. काम झाल्यावर दोरा दातांनी तोडला. आणि दोनदा खोकली.

"आई," प्रवेशबाई म्हणाली.

आईनं मानही वळवली नाही.

पहिल्यांदा तिनं स्वतःची समजूत घातली की संगतीचा परिणाम. म्हातारपणी माणूस दुसऱ्याच्या लकबी उचलतो. पण त्या रात्री तिनं आईच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं, याची तिला पुढे फार लाज वाटली.

दोन दिवसांनी वर्गात मास्तरांनी पुकारलं, "भोपळ्या." आईनं ओ दिली. "घुमी." आई बसून राहिली. समोर बसलेली, धडधडीत, हातात पक्कड धरून. मास्तरांनी दुसऱ्यांदा पुकारलं, "घुमी." तेव्हा पलीकडून नकटीनं गंमत म्हणून ओ दिली. कुणी हसलं नाही. आईनं नकटीकडे वळून पाहिलं, परक्या बाईकडे बघावं तसं, आणि परत कामाला लागली.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर प्रवेशबाई नळापाशी तोंड धुत होती. नकटी मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मने, सकाळी काही न खाताच निघालीस."

आरशात तोंड नकटीचं होतं. बसकं नाक, आखूड केस. पण गेंगाणेपण आवाजात नव्हतंच. आणि मने हे नाव आईखेरीज कुणाला माहीत नव्हतं. आईनंही ते तापात, आजारपणात, असं क्वचितच वापरलेलं.

"काय म्हणालात मावशी?"

नकटी दचकली. "कुठे काय? मी पाणी प्यायला आले." आणि घाईघाईनं निघून गेली.

इथे खरं तर थांबायला हवं होतं. नाव कमी करायचं, वर्गाला कुलूप लागू द्यायचं आणि मोकळं व्हायचं. कुणालाही हे कळलं असतं, प्रवेशबाईलाही कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी आई परत ओ देईना, परत नकटीनं दिली, आणि वर्ग सुटल्यावर नकटी व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली आणि बोलू लागली. आईच्या आवाजात. आणि आई जन्मभर जे बोलली नव्हती ते.

"तू शिकायला परगावी गेलीस ना, तेव्हा मी दारात आले नाही म्हणून तू फुगली होतीस. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. दारात आले असते तर तुला जाऊच दिलं नसतं."

प्रवेशबाईला रडू फुटलं. तिनं त्या नर्सचा हात धरला. "मग तेव्हा बोलली का नाहीस गं?"

"यायचंच नाही. पोटात सगळं तयार असायचं, जिभेवर यायचं नाही. इथून येतं बघ. या तोंडाला सवय आहे बडबडीची."

खोलीत खिडकीपाशी आईचं शरीर बसलं होतं आणि पडद्याचं कापड वीत वीत मोजत होतं.

मग रोजचं झालं. वर्ग सुटायची प्रवेशबाई चातकासारखी वाट बघू लागली. आई सांगायची, तुझे वडील मला चोरून कशी पत्रं लिहायचे. तुझ्या आधी एक मूल गेलं, त्याला केस फार होते. तुझं लग्न मोडलं तेव्हा मला आतून बरंच वाटलं, कारण तो माणूस जेवताना खायचा कमी आणि तोंड मचमच वाजवायचाच जास्त. दोघी पोट धरून हसायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, प्रवेशबाईचं त्या नर्सशी किती जमतं. संध्याकाळी ती घरी जाई ती एका खोकणाऱ्या, दोरा तोडणाऱ्या म्हाताऱ्याला सोबत घेऊन. त्याच्याकडे ती बघत नसे. जेवायला वाढे, औषध देई आणि उद्याची वाट बघे.

आणि नकटी? तिच्याबद्दल प्रवेशबाईच्या मनात विचार यायचा, नाही असं नाही. आला की ती तो झटकून टाकायची. एकदाच नकटी स्वतःच्या आवाजात बोलली, बाकावरून उठता उठता. गेंगाण्या, घाबरलेल्या आवाजात. "बाई, काल मी तुमच्या दारात उभी होते. किल्ली कुठे ठेवता ते मला ठाऊक होतं. माझं घर कुठलं ते मात्र आठवेना. माझी शेजारीण वाटेत भेटली, तिनं हाताला धरून घरी नेलं." मग ती म्हणाली, "मला हाक मारणारं कुणी नाही हो. तुम्ही मारता म्हणून तर मी इथे येते."

प्रवेशबाईनं पर्स उचलली आणि ती आईला घ्यायला खोलीत गेली. 

दुसऱ्या दिवशी हजेरी चालू होती. भोपळ्याची ओ आईनं दिली. घुमीची नकटीनं दिली. मग मास्तरांनी पुकारलं, "नकटी."

उत्तर आलं नाही. नकटी बाकावर बसून प्रवेशबाईकडे मायेनं बघत होती. मास्तरांनी परत पुकारलं. तेव्हा पलीकडच्या काड्यानं, हा काय चावटपणा म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि गेंगाणा आवाज काढून म्हटलं, "ओ."

त्याच्या पलीकडे ठकी बसली होती. तिच्या पलीकडे शेंबड्या.  एका मेलेल्या माणसाला बसायला जागा दिली म्हणून बाकावरचा एकेक जण पुढे पुढे सरकत होता, आणि बाक कुठेतरी संपणारच होता.

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मास्तरांना म्हणाली, "आज हजेरी मी घेते. तुम्ही नुसतं वर बघा." मग वर्गाकडे वळून म्हणाली, "आज कुणी कुणाची ओ द्यायची नाही. ज्याची त्यानं द्यायची. समोरचा कितीही वेळ गप्प बसला तरी मध्ये बोलायचं नाही." तिचा आवाज असा होता की बँकेचे अधिकारीही हात मांडीवर ठेवून बसले.

"भोपळ्या," ती म्हणाली.

आईचं तोंड उघडलं. "ओऽऽ." दोन खोकले.

प्रवेशबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काका, तुम्ही गेलात. आम्ही सगळे तुम्हाला पोचवायला आलो होतो. मी तुमचं नाव काढायला हवं होतं, मी ठेवलं, ते माझ्या गरजेसाठी. आता हे नाव इथे कुणी घेणार नाही. तुमची बहीण घेत असेल तिकडे."

आईनं मान डोलावली. गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकून घेतल्यासारखी, सावकाश. पक्कड तिच्या हातातून सुटून खाली पडली. हात मांडीवर घसरले आणि तिथेच राहिले. डोळे उघडे होते, त्यात कुणी नव्हतं.

कुणी खोकलं नाही. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"घुमी," प्रवेशबाई म्हणाली. 

ओ पलीकडूनच आली. आईचा आवाज, नकटीचं तोंड. "मने, नको. मला तिकडे नको पाठवूस. तिथे माझी जीभ उचलत नाही. मी तुला तुझं सगळं लहानपण अजून सांगितलेलं नाही. इथून मला बोलता येतं. तुला नको का?"

तिला हवं होतं. देवाशपथ हवं होतं. उभ्या जन्मात तिला दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. आणि ती गप्प बसली असती तर काही बिघडणारही नव्हतं. नकटी कुठे गेली, हे विचारायला कोण येणार होतं? ना नवरा, ना मूल, ना भाऊ. कुणीही येणार नव्हतं. हेच तिच्या मनात आलं, आणि आपल्याच मनाची तिला भीती वाटली.

मग तिला हात दिसले. तोंडानं आई बोलत होती, पण हात अजून नर्सचे होते. नखं बारीक कापलेले, जंतुनाशकानं बोटांची सालं निघालेले ते हात बाकाच्या कडेला घट्ट धरून बसले होते. चालत्या गाडीतून पडणारं माणूस दांडी धरतं, तसे.

"नकटी," प्रवेशबाईनं हाक मारली.

काड्याचे ओठ हलले. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की ते मिटले.

"मने, मी बोलतेय ना तुझ्याशी."

"नकटी." तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तिनं त्या पुसल्या नाहीत.

"मने, ऐक. तुझ्या आधीचं ते मूल, त्याचं नाव मी तुला सांगितलंच नाही."

"नकटी." या वेळी ती ओरडली. बाजारात पोर हरवल्यावर आई ओरडते तसं, लाजलज्जा सोडून, सगळ्या अंगानं.

 मग बाकावरची ती म्हातारी हळूच दाराकडे वळली, आणि लहान, गेंगाणी, नाकातली ओ आली. "ओ." मग तिनं प्रवेशबाईकडे पाहिलं आणि घाबरून विचारलं, "बाई, तुम्ही का रडता? मी काही चुकले का?"

प्रवेशबाईनं तिला जवळ घेतलं. मग ती वळली. मधल्या जागेवर तिची आई बसली होती. "आई," ती म्हणाली.

आईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही.

वर्ग बंद व्हायचा तो झालाच. एक कमी पडला, आणि प्राचार्य नियमाला चिकटून राहिले. कुणी फारशी तक्रार केली नाही. बागेत भेटले की आता सगळे एकमेकांना काका, मावशी, साहेब असंच म्हणतात. नकटी रविवारी प्रवेशबाईकडे येते. हॉस्पिटलातल्या गमती सांगते, खो खो हसते, आणि प्रवेशबाई ते ऐकताना तिच्या आवाजात भलतंच काही शोधत बसते. सापडत नाही. मग तिला लाज वाटते, आणि ती चहा करायला उठते.

आई खुर्चीत बसलेली असते. जेवते, झोपते, न सांगता उठून खिडकी लावते. शिवणीला हात लावत नाही, खोकत नाही. रोज संध्याकाळी प्रवेशबाई दार उघडते आणि हाक मारते. आई मान वळवते. ओ येत नाही. ओ पूर्वीही येत नव्हती. त्या गप्प बसण्यात आई आहे की कुणीच नाही, हे विचारायला आता दुसरं तोंड उरलेलं नाही.